तुमच्या नावावरची नोंद

सर, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी ऑफिसात तुमचा विषय निघाला, म्हणून हे लिहायला बसले. नवीन लागलेली एक इंजिनिअर जुन्या टाक्यांची ड्रॉइंग चाळत होती. तिने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "मॅडम, ह्या ड्रॉइंगखाली नोंद आहे, 'निवृत्त वरिष्ठ ड्राफ्ट्समन यांनी तोंडी दिलेल्या चुकीच्या माहितीवरून'. हे कोण?" मी म्हटलं, "होते एक. तू यायच्या आधीचे." "खूप चुका करायचे का?" तिने सहज विचारलं. मी चहाचा कप उचलला आणि म्हटलं, "वय झालं होतं." एवढं बोलून मी माझ्या स्क्रीनकडे वळले. संध्याकाळपर्यंत काम केलं, चारोटीला गाडी बदलून घरी आले, जेवले, आणि मला झोपही लागली. झोप लागली हे मुद्दाम सांगते आहे.

मी आयटीआय करून तुमच्या हाताखाली आले तेव्हा आपल्या फॅक्टरीत नेमकं काय बनतं हेही मला माहीत नव्हतं. तलासरीहून वेवजीकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची लांबच लांब शेड, आत वेल्डिंगचा निळा उजेड, आणि बाहेर ट्रकची वाट बघत आडव्या पडलेल्या स्टीलच्या टाक्या, आत दोन माणसं उभी राहतील एवढ्या. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांना लागणाऱ्या. लोखंडी जिना चढून वर गेलं की ड्रॉइंग ऑफिस. चार टेबलं, आणि कोपऱ्यात तुमचं पाचवं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "कुठली?" मी म्हटलं, "आशागडजवळची. पाड्यावरची." तुम्ही म्हणालात, "बस तिथे. आणि कशाला हात लावू नको."

पहिलं ड्रॉइंग मी तीन दिवस करत होते. टाकीच्या झाकणाचं होतं, सगळं भोकांचं काम. तुम्ही त्याची प्रिंट काढलीत, लाल पेन घेतलंत आणि माझ्याकडे पाठ करून गोल काढत बसलात. मला वाटलं, आता जवळ बोलवाल, दाखवाल. तुम्ही कागद घेऊन सरळ खाली गेलात आणि हजेरीच्या मशीनशेजारच्या बोर्डावर तो चार टाचण्यांनी लावलात. खाली तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, पाड्यावरचं भिंतचित्र. आठ दिवस तो कागद तिथे होता. रोज सकाळी अंगठा लावताना मला तो बघावा लागायचा. फिटर आणि वेल्डर त्याच्याखाली बसून डबे खायचे. ते हसायचे असंही नाही. त्यातले निम्मे माझ्यासारखेच पाड्यावरचे होते. ते वर बघायचे आणि जेवायचे.

आमच्या शेजारचा एक जण तेव्हा शेडमध्ये ग्राइंडिंगला होता. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने घरी येऊन माझ्या आईला सांगितलं की तुझ्या पोरीचं चित्र कंपनीत लावलंय, मोठ्या सायबाने स्वतःच्या हाताने लावलंय. त्या संध्याकाळी मी घरी आले तर आईने मुद्दाम माझ्यासाठी सुके बोंबील भाजले होते. "तुजं चित्र लावलंय म्हणं कंपनीत?" तिने विचारलं. मी "हो" म्हटलं आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिने ते पाड्यावर सगळ्यांना सांगितलं. पुढे ती वारली तेव्हाही भेटायला आलेली एक बाई म्हणाली, तुझ्या चित्राचं किती कौतुक होतं गं तिला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, आणि वाईट वाटून तुम्ही मोकळे झाला असता. मला तुम्हाला मोकळं करायचं नव्हतं.

तुम्ही मला शिकवलंत हेही खरं आहे. पाच वर्षांत लाल गोल कमी होत गेले आणि शेवटी थांबले. चांगलं झालं असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. नुसता कागद परत द्यायचात, कोरा, आणि त्या कोऱ्या कागदाची मला चटक लागली होती. पण तोवर मी आणखी एक गोष्ट शिकले होते. ऑफिसात तुम्हाला घाबरायचं कारण तुमचं ज्ञान नव्हतं, तुमच्या फायली होत्या. वीस वर्षांची ड्रॉइंग तुमच्या एका कॉम्प्युटरवर, तुम्हीच दिलेल्या नावांनी. मोठी टाकी फायनल. मोठी टाकी फायनल नवीन. मोठी टाकी हीच घ्या. एकाच टाकीच्या सात फायली, आणि त्यातली खरी कुठली ते फक्त तुम्हाला ठाऊक. खाली शेडमध्ये काम अडायचं, फिटर जिना चढून यायचा, तुमच्या टेबलाशी उभा राहायचा, आणि तुम्ही त्याला पाच मिनिटं उभा ठेवायचात. शेठलासुद्धा ठेवायचात.

शेठने ते फार दिवस सहन केलं. मग गुजरातच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं की तुमची ड्रॉइंग सिस्टिममध्ये नसतील तर पुढची ऑर्डर देणार नाही, आणि ती सिस्टिम आली. तुम्ही तिला शेवटपर्यंत "ते" म्हणायचात. शेठ तिला तिजोरी म्हणायचा आणि मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. सर्व्हरवरची एकच जागा, सगळ्यांची मिळून. प्रत्येक ड्रॉइंगला एक नंबर, प्रत्येक बदलाला एक अक्षर. एकाने काम करायला काढून घेतलं की बाकीच्यांना नुसतं बघता येणार. मंजूर झालं की कुलूप. कुणी उघडलं, कुणी बदललं, कधी आणि का, सगळं लिहून राहणार. चालवायला शेठने मला निवडलं. केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि त्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला, "बेन, ह्या माणसाच्या डोक्यात जे हाय ते बधू तिजोरीत पायजे. मग आपण त्याचं बघू." मी विचारलं, "बघू म्हणजे?" तो म्हणाला, "म्हणजे त्याला पण आराम ना." मला कळलं. मी "किती दिवसांत?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, तीन महिने.

ते तीन महिने रोज दुपारी जेवण झालं की मी माझी खुर्ची तुमच्या टेबलाशी ओढायचे. पहिले काही दिवस तुम्ही नीट बोललाच नाहीत. "तुझं तू शोध," म्हणायचात. मग मी युक्ती केली. एका जुन्या टाकीच्या सात फायलींमधली मुद्दाम चुकीची निवडली आणि तुमच्यादेखत तिला नंबर द्यायला लागले. तुम्ही माझ्या हातातून माउस ओढलात. "ही नव्हे! ही त्या पहिल्या टाकीची, तिचं तोंड लहान पडलं होतं म्हणून तर ही दुसरी काढली." आणि मग कुणाचं तोंड, कुणी तक्रार केली, कोणत्या वेल्डरने काय सुचवलं, सगळं बाहेर आलं. मी मान डोलवत टाइप करत गेले. नंतर युक्तीची गरज उरली नाही. तुम्हाला कुणी इतकं विचारलंच नव्हतं आयुष्यात. काकू घरी ऐकत नाहीत म्हणायचात, मुलगा फोनवर दोन मिनिटं बोलतो म्हणायचात. मी ऐकत होते. मी रोज तीन तास ऐकत होते आणि रोज संध्याकाळी शेठला किती फायली उरल्या तो आकडा देत होते.

त्या दिवसांत तुम्ही मला पोरी म्हणायला लागलात. डहाणूच्या तुमच्या अंगणात चिकूची दोन झाडं होती. सोमवारी येताना तुम्ही वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पुड्या आणायचात. एकीवर पेनने "आज" लिहिलेलं, दुसरीवर "गुरुवारी". "आजचे गुरुवारपर्यंत ठेवले तर सडतील आणि गुरुवारचे आज खाल्ले तर तोंड चिकट होईल, लक्षात ठेव," असं दर वेळी सांगायचात. आमच्या आशागडला वाड्याच वाड्या आहेत चिकूच्या, माझा बाप जन्मभर दुसऱ्याच्या वाडीत चिकू उतरवत होता, मला चिकू कधी खायचा ते तुम्ही सांगायला नको होतं. मी "हो सर" म्हणायचे. एकदा बोलता बोलता तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "ते बोर्डावर लावलं होतं मी तुझं ड्रॉइंग. तेवढं करायला नको होतं." मी म्हटलं, "कुठलं सर? मला नाही आठवत." तुमचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं. मग मी पुढची फाईल उघडली.

तीन महिन्यांचं काम मी आठवडाभर आधी संपवलं. शेवटच्या शनिवारी तुम्ही रजेवर होता, थोड्या फायली उरल्या होत्या, त्या मी तुम्हाला न विचारता जशाच्या तशा तिजोरीत टाकल्या. शेठ म्हणाला, "सोमवारी संध्याकाळी सांगू त्याला. शाल-नारळ आणू." मी सोमवारी सकाळी नऊ वाजता तुमचं नाव सिस्टिममधून काढलं. संध्याकाळपर्यंत थांबायला काही हरकत नव्हती. मला बघायचं होतं.

तुम्ही नेहमीसारखे येता, डबा खालच्या कप्प्यात ठेवता, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसता. एका बोटाने पासवर्ड घालता. परत घालता. मग मला हाक मारता, "पोरी, बघ गं, मला आत घेत नाहीये." मी उठून तुमच्या मागे येऊन उभी राहते. "पासवर्ड चुकतोय का माझा?" "नाही सर, चुकत नाहीये." "मग?" "तुमचं नाव काढलंय." "कुणी?" "मी." बाकीच्या तिघांच्या टेबलांवरची बोटं थांबलेली मला ऐकू येतात. स्क्रीनवर लाल ओळीत 'प्रवेश नाही' आलेलं असतं. ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही मान न वळवता विचारता, "सगळ्या झाल्या का टाकून?" "झाल्या." "त्या मोठ्या टाकीच्या ब्रॅकेटच्या दोन राहिल्या होत्या, त्यातली कुठली ते..." मी तुम्हाला वाक्य पुरं करू देत नाही. "त्यापण झाल्या. शनिवारी." तुम्ही म्हणता, "बरं केलंस." मग चष्मा काढून खिशात ठेवता. शाल आणि नारळ संध्याकाळी तुम्ही घेतला, फोटोही काढू दिलात. त्या फोटोत मी तुमच्या शेजारी उभी आहे.

पाच महिन्यांनी नेमकी ती मोठी टाकी परत ऑर्डरमध्ये आली. टाकी चार पायांवर बसते, आणि पाय जिथे ब्रॅकेटने टाकीला जोडतात तिथे मध्ये एक चौकोनी प्लेट असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिजोरीत दोन ड्रॉइंग होती, दोन्ही मीच त्या शनिवारी टाकलेली, बाकी सगळं सारखं, एकात प्लेट आठ मिलिमीटरची आणि दुसऱ्यात बाराची. शेठ म्हणाला, "त्याला विचारून ये ना, डहाणू काय लांब हाय?" तुम्हाला अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं मला गाडीच्या ड्रायव्हरने वाटेत सांगितलं.

स्वयंपाकघरात खिडकीशी तुमची खाट लावली होती, तिथे वारा येतो म्हणून. डावा हात पोटावर ठेवलेला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. काकूंनी माझ्यापुढे चहा आणि चिरलेला चिकू ठेवला. मी तब्येतीचं विचारायच्या आधी प्रिंट बाहेर काढल्या. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या, पण तुमचा चेहरा उजळला. तुम्ही एका हाताने दोन्ही कागद छातीवर पसरलेत. "बारा," म्हणालात. जीभ जड झाली होती, तरी तीनदा म्हणालात. "आठवालीचं वेल्ड फाटलं होतं पाण्याच्या टेस्टला. म्हणून बारा केली." मी म्हटलं, "पण सर, आठवालीची तारीख नंतरची आहे. शेवटची सेव्ह तीच झालीय." तुम्ही डोळे मिटून विचार केलात. "कधी तरी बघायला उघडली असेल. सवयीने सेव्ह केली असेल. तारखेवर जाऊ नको, पोरी." निघताना काकूंनी चिकूची पुडी दिली. त्या पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी ठरवलं की तुम्ही खोटं सांगत आहात. मी तुमच्या जागी असते तर खोटं सांगितलं असतं. ज्या पोरीने चारचौघांत मला बाहेर काढलं ती कागद घेऊन दारात आली असती, तर मी हसून चुकीचाच आकडा दिला असता आणि वर चिकू दिले असते. तुमचा सूड इतका साधा, इतका सोपा होता की तुम्ही तो घेणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिवाय सिस्टिममध्ये तारीख होती, आणि स्टोअरमध्ये आठची प्लेट पडून होती, बाराची मागवायला दहा दिवस गेले असते. मी आठवालीला मंजूर केलं. कुलूप लागलं.

टाकी तयार झाली, शेडमध्ये चार पायांवर उभी केली आणि गळते का बघायला तिच्यात पाणी भरलं. मी वर होते. आधी एक टणकन आवाज आला, मग खूप लोक एकदम ओरडले. जिन्यावरून खाली बघितलं तर टाकी एका अंगावर कलली होती आणि तिच्यातलं पाणी शेडभर धावत होतं. वेवजीचा फिटर, तुमच्या टेबलाशी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलेला तोच, त्याचा पाय टाकीखाली होता. क्रेनने टाकी उचलेपर्यंत तो शुद्धीवर होता. "काढा रं, काढा रं," एवढंच म्हणत होता. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी शेठने केबिनमध्ये विचारलं, "आठ कोणी सांगितलं?" तिथे अपघाताच्या चौकशीला बाहेरून आलेले दोन साहेबही बसले होते. मी म्हटलं, "सरांनी." ते इतक्या लगेच तोंडातून आलं की मलाच ते खरं वाटलं. शेठने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "आजारी माणूस. तुम्ही तरी कशाला ऐकलं, बेन?" आणि त्याच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती. मग मी टेबलावर जाऊन ती नोंद लिहिली. निवृत्त हा शब्दही माझाच. तुम्हाला काढलं होतं, तुम्ही निवृत्त झाला नव्हता.

कुणीतरी तुम्हाला ते कळवलंच. पंधरा दिवसांनी, दुपारी दोनच्या उन्हात, गेटवरून वॉचमनचा फोन येतो, "मॅडम, जुने सर आलेत. तुम्हालाच भेटायचंय म्हणतात." मी खिडकीशी जाते. तुम्ही काठी घेऊन उभे आहात, डावा पाय फरफटतोय, बगलेत प्लास्टिकची पिशवी. डहाणूहून एसटीने तलासरी, तिथून रिक्षा. मी वॉचमनला सांगते, "मीटिंगमध्ये आहे म्हण." तो तुम्हाला त्याचं स्टूल देतो. तुम्ही पत्र्याच्या अरुंद सावलीत बसता, सावली सरकते तसं स्टूल सरकवायला बघता, ते एका हाताने जमत नाही. मी मीटिंगमध्ये नाही. मी खिडकीत उभी आहे. तासाने परत फोन, "अजून बसलेत, मॅडम. पाणी दिलं त्यांना. म्हणतात दोन मिनिटं द्या." मी म्हणते, "आज होणार नाही." तुम्ही उठता, पिशवी वॉचमनच्या हातात देता. मग काय वाटतं कुणास ठाऊक, ती परत मागून घेता. रस्त्यापर्यंत तुम्ही कसे गेलात ते मी बघितलं नाही. तेवढं मात्र बघवलं नाही. खिडकीपासून टेबलापर्यंत आठ पावलं आहेत, जिना वीस पायऱ्यांचा, आणि मला खाली यायला एक मिनिट लागलं असतं.

वीस दिवसांनी दुसरा झटका आला. बाराव्याला मी तुमच्या घरी गेले, ऑफिसातर्फे. काकूंनी मला परत स्वयंपाकघरातच बसवलं. खाट काढली होती. त्यांनी ती प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत एक जाड, लांबट वही होती. "ही तुम्हाला दाखवायची होती त्यांना," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, फोन करा, कशाला उन्हाचं जाता. तर म्हणाले फोनवर दाखवता येत नाही. त्या दिवशी तुमची भेट नाही झाली ना?" मी म्हटलं, "मीटिंग होती." "असू दे. कामं असतात." मग त्यांनी पदर डोळ्याला लावला. "तुमच्यावर जीव होता हो त्यांचा. म्हणायचे, पोरीने माझं सगळं नीट लावून ठेवलंय, आता मी मेलो तरी अडायचं नाही कुणाचं." खाली शेडमध्ये काय झालं, तुमच्या नावावर काय लिहिलंय, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नव्हतं. मी पण नाही सांगितलं.

वहीत प्रत्येक टाकीला एक पान होतं. मोठ्या टाकीच्या पानावर तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात: प्लेट आठ, टेस्टला वेल्ड फाटलं, बारा केली, आठवाली वापरू नये. शेवटच्या तीन शब्दांखाली लाल रेघ. ती दाखवायला तुम्ही आला होतात. मला पकडायला आला होतात की मला वाचवायला, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं. तुमच्या चेहऱ्यावरून कळलं असतं, पण त्यासाठी मला खाली यावं लागलं असतं.

फिटरला शेठने स्टोअरमध्ये बसायचं काम दिलंय. तो कुबडी भिंतीला लावून नटबोल्ट मोजून देतो. मला बघितलं की अजून उठायला बघतो. मागे एकदा मी एकटीच होते तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सरांचं मनात नका ठेवू. म्हातारा माणूस, इसरला असंल. मी पण नाय ठेवलं." मी "बरं" म्हटलं आणि हवा तो बोल्ट घेऊन वर आले. त्याने तुम्हाला माफ केलंय, सर. पाय त्याचा गेला, आणि त्याने तुम्हाला माफ केलंय, आणि ते मला येऊन सांगितलं.

ती नोंद बदलायचा अधिकार फक्त माझ्याकडे आहे. जुनी पुसता येत नाही, पण तिच्याखाली नवी लिहिता येते, दोन मिनिटांचं काम. मंगळवारी ती मुलगी जेवायला गेल्यावर मी तो रकाना उघडला होता. "वरील माहिती खोटी आहे" इथपर्यंत लिहिलं. पुढे ती कुणी लिहिली ते लिहायचं होतं. मी रकाना बंद केला. पुढच्या महिन्यात शेठ मला सगळ्या डिझाइन विभागाचं बघायला सांगणार आहे, हे एक कारण आहे. गेल्या वर्षी काय कारण होतं ते मला आठवत नाही, पण काही तरी होतं.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. काकू आता मुलाकडे असतात, आणि त्यांनी हे वाचावं असं मला वाटत नाही. पण एक गोष्ट अजून लिहायची राहिलीये. तुमची वही माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. जुन्या टाकीचं काही अडलं, तिजोरीत दोन ड्रॉइंग निघाली आणि कुठलं खरं ते कुणाला सांगता येईना, की मी घरी येऊन ते पान काढते. सकाळी ऑफिसात जाऊन सांगते. थोडं थांबून, भिंतीकडे बघून, आठवत असल्यासारखं सांगते. शेठ नव्या माणसांना म्हणतो, "बेनला विचारा, बेनला बधू तोंडपाठ हाय." मी कधी नाही म्हटलेलं नाही. पहिल्या वर्षी ते ऐकताना मान खाली जायची. आता जात नाही, सर. आता मला ते ऐकायला आवडतं.